वैशाखात गळलेली जवानी

पंधरा दिवसांमागे माझ्या पोराने, विलासने, माळ्यावरून कूलर उतरवला. धूळ झटकली, जाळ्यांत नवीन खस भरली, पहिलं पाणी सोडलं आणि बटण दाबलं. तो वास घरभर फिरला. नागपूरच्या माणसाला या वासाने बरं वाटतं. बाहेर रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत असतं आणि घरात हा वास आला की माणूस म्हणतो, चला, निघेल उन्हाळा. मी मात्र यंदा त्या वासावर उठलो आणि बाहेर ओट्यावर जाऊन उन्हात बसलो. गेल्या वैशाखात माझी बायको गिरजा गेली, तेव्हा हाच कूलर तिच्या उशाशी चालू होता. बाईने सारा जन्म गरम हवेत काढला आणि गेली थंड हवेत.

सून आतून म्हणाली, "मामाजी, ऊन लागन. आत या."

"लागू दे," म्हटलं. "ओळखीचं आहे."

वैशाख हा खरं तर आमचा महिना. आम्ही विणकर. तांडापेठेतल्या या घरात जिथे आज सोफा आहे, तिथे जमिनीत खड्डा होता आणि खड्ड्यावर माग. लग्नसराईत लुगड्यांना मागणी यायची आणि नेमकं उन्हाळ्यातच सूत सगळ्यात जास्त रुसायचं. हवा कोरडी झाली की धागा कडक होतो, तटकन तुटतो. तिकडे साहेबलोकांच्या खिडक्यांना खसाच्या टट्ट्या असायच्या, माणसं गार राहावीत म्हणून. आमच्या दाराखिडक्यांना ओली पोती लटकवलेली असायची, धागा गार राहावा म्हणून. धाग्यापासून उरेल तो गारवा माणसांचा.

मी खड्ड्यात पाय सोडून बसायचो. खड्ड्यात ओल असायची. म्हणजे कमरेखाली हिवाळा आणि कमरेवर उन्हाळा. माझ्या उजव्या हाताला, थोडी पुढे, माझं तोंड असे त्याच दिशेला तोंड करून गिरजा चरखा घेऊन बसायची आणि आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायची. तिच्या कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबायचा. तो आता पडेल, मग पडेल, असं मी पाहत राहायचो आणि माझा हात चुकायचा.

"काय पाहून राहिले जी?" ती मान न वळवता विचारायची.

"घाम पाहून राहिलो."

"कापड पाहा. काठ वाकडा चालला."

काठ खरंच वाकडा चाललेला असायचा.

तिला पाहायला उमरेडला गेलो तोही उन्हाळाच होता. आमच्याकडे मुलगी पाहायची एक रीत होती. गोरी-काळी, उंच-ठेंगणी हे सगळं नंतर. गिरजाला आणून बसवलं. तिने पदर पुढे घेतलेला होता. माझी माय म्हणाली, "तोंड मंग पाहू. हात दाखव वं पोरी." मग मायने आपल्या पिशवीतून सुताचा एक धागा काढला, मध्येच तोडला आणि दोन्ही टोकं तिच्या हातात दिली. "सांध."

गिरजा उठली, चुलीतून चिमूटभर राख बोटांवर घेऊन आली, टोकाला टोक लावलं आणि अंगठ्याने वळसा दिला. बघायला गेलं तर इतकंच. मायने धागा दोन्हीकडून ओढला. तो तुटला, पण भलतीकडे तुटला. सांधा तसाच राहिला. माझी माय सगळ्यांसमोर म्हणाली, "पोरगी सुंदर आहे."

सुंदर हा शब्द माझ्या मायने माणसासाठी वापरलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. एरवी ती तो कापडाच्या काठासाठी ठेवायची. मी मात्र धागा पाहतो असं दाखवून पदराच्या आडून दिसेल तेवढं पाहत होतो. हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके आणि गालावर एकटा एक. लहानपणी दारावर आलेल्या गोंदणारणीने सुया टोचून काढलेले. हिरवट-निळे. तो गालावरचा एकटा ठिपका मला असा काही भावला की परतीच्या वाटेवर मी एसटीत कोणाशी बोललो नाही.

तेव्हा गोंदण नसलेली बाई कोरी वाटायची, काठ नसलेल्या लुगड्यासारखी. पुढे काय झालं कोण जाणे. माग बंद पडला. खड्डा बुजवला, वर फरशी बसवली. मी शहराबाहेर वाडीच्या गोदामात चौकीदारीला जाऊ लागलो. घरात टीव्ही आला. त्यात रोज एक पोरगी तोंडाला काहीतरी चोपडायची आणि गोरी होऊन नोकरीला लागायची. आमच्या नात्यातल्या पोरी गोंदण पाहून तोंड वेडंवाकडं करायला लागल्या. एका बारशात कोणीतरी गिरजाला म्हणालं, "आत्याबाई, हे आजकाल काढून मिळते. लेझर का काय करतात." त्यानंतर फोटो काढायची वेळ आली की तिचा पदर हळूच हनुवटीवर यायचा. मला ते दिसायचं आणि माझं डोकं तापायचं. सांधलेल्या धाग्यावर सुंदर ठरलेली बाई, आणि तिला म्हातारपणी तोंड लपवायला लावलं.

त्यात एक मजा पाहा. माझी नात प्रणाली, विलासची पोरगी, कॉलेजात गेली आणि एक दिवस शहरातल्या सदर भागातल्या कुठल्याशा दुकानातून मनगटावर पक्षी काढून आली. घरात रडारड. सून म्हणे लग्न कसं जमणार. विलास म्हणे घरात राहायचं असेल तर हे चालणार नाही. गिरजाने पोरीचा हात धरला, उजेडात नेला आणि बारकाईने पाहिला.

"दुखलं का वं?"

"थोडंसं, आजी."

"आम्ही तं कोंबडीसारखी ओरडलो होतो. चौघीजणी धरून बसल्या होत्या." मग विलासकडे वळून म्हणाली, "पोरीले काहून बोलून राहिला? तिच्या आजीचं तोंड पाह्यलं नाही का तू कधी?"

गिरजाचा पदर त्या दिवसापासून हनुवटीवरून खाली आला तो आलाच. ज्या गोष्टीची चाळीस-पन्नास वर्षं किंमत खाली खाली गेली, ती पुन्हा दुकानातून परत आली. लोकांच्या डोळ्यांचा काही भरवसा नाही, हे मी त्या दिवशी पक्कं समजलो. आज जे डाग म्हणतात त्याला उद्या नक्षी म्हणतील. मग माणसाने कोणत्या दिवशीच्या डोळ्यांसाठी आपलं तोंड बदलायचं?

शहाणपण शिकवतो आहे असं समजू नका. मीही एकदा बदलायला गेलो होतो.

ती गेली त्याच्या आदल्या उन्हाळ्यात मौद्याला तिच्या भाचीचं लग्न होतं. विलास दर रविवारी केसांना काळी मेहंदी लावतो. पन्नाशी ओलांडली आहे, पण ऑफिसात तरुण पोरं आली म्हणतो. त्याने मलाही बसवलं. "बाबा, फोटो निघतात. जरा माणसात दिसा." मी बसलो. डोक्यावर होते तेवढे केस आणि मिशा काळ्या झाल्या. आरशात पाहिलं तर माझ्या तोंडावर दुसऱ्याच कोणाची मिशी बसली होती. पांढरा सदरा घातला आणि निघालो.

मौद्याचं ऊन तुम्हाला सांगायला नको. मांडवात पंखे होते, ते गरम हवा इकडची तिकडे फेकत होते. जेवायच्या पंगतीला बसलो, वांग्याची भाजी तिखटजाळ, घाम फुटला. कानामागून काहीतरी ओघळलं. मी रुमालाने पुसलं. रुमाल काळा. सदऱ्याची कॉलर काळी. समोरच्या पंगतीत बसलेल्या गिरजाने वर पाहिलं, घास हातातच राहिला, आणि सगळ्या वऱ्हाडासमोर ती म्हणाली,

"अजी, तुमची जवानी गळून राहिली."

आणि हसली. पुढचा दात पडलेला, तोंड पूर्ण उघडं, डोळे मिटलेले, गालावर सुरकुत्यांचं जाळं, पांढरे केस सुटून कानावर आलेले. अख्खी पंगत हसली. मीही हसलो, काय करणार. विणकराचं पोर मी. रंग कच्चा की पक्का हे पाहायला ओला धागा पांढऱ्या कापडावर घासायचा, हे आम्ही बोलायला लागायच्या आधी शिकतो. आणि मीच कच्चा रंग डोक्यावर लावून, पांढरा सदरा घालून, वैशाखात बाहेर पडलो. त्यानंतर मी डोक्याला काही लावलं नाही. लावणारही नाही.

पुढच्या वैशाखात ती गेली. नवऱ्याआधी गेली म्हणून बायांनी तिला नवरीसारखी सजवली. हिरवं लुगडं, हिरव्या बांगड्या, कपाळभर कुंकू. बाया म्हणत होत्या, भाग्याची हो, अहेव गेली. मी भिंतीला टेकून बसलो होतो. भाग्य तिचं असेल. माझं काय, ते कोणी विचारलं नाही. पण एक सांगतो. त्या हिरव्या लुगड्यात, त्या बसलेल्या गालांत, ती मला उमरेडच्या ओसरीत दिसली त्याहून देखणी दिसली. हे मी तेव्हा कोणाला म्हटलं असतं तर लोक म्हणाले असते, म्हातारा दुःखाने भ्रमला. मी भ्रमलो नव्हतो. नीट पाहत होतो. पुन्हा पाहायला मिळणार नव्हतं.

तेरवीला विलासने फोटो बनवून आणला. मोठा, चौकट सोनेरी. तिचाच कुठला तरी मोबाइलमधला फोटो घेऊन दुकानात दिला होता आणि दुकानदाराने तो चांगला करून दिला होता. चांगला म्हणजे असा: केस काळे, कातडी गोरी, सुरकुती एक नाही, अंगावर निळी जरीची साडी, मागे धबधबा. गोंदण डाग समजून पुसून टाकलेलं. आलेले लोक हात जोडत आणि म्हणत, फोटो किती छान आला. गिरजाची धाकटी बहीण सरस्वती उमरेडहून आली. तिने हार घातला, हात जोडले आणि मग हळूच मला विचारलं,

"भाऊजी, हे कोन होय?"

तेव्हा माझ्यात भांडायचं बळ नव्हतं. फोटो भिंतीवर गेला.

तिथेच चूक झाली असती, कायमची. वर्षभर मी उठता-बसता तो फोटो पाहिला. पाहायचा नाही म्हटलं तरी समोरच होता. आणि त्या दिवशी, कूलरच्या त्या वासाने बाहेर उन्हात बसलो असताना मी तिचं तोंड आठवायला गेलो आणि माझ्या डोळ्यांसमोर ती गोरी, निळ्या साडीतली बाई आली. मी डोळे घट्ट मिटले. पुन्हा तीच. मग म्हटलं, ठिपक्यापासून सुरू करू. गालावरचा एकटा ठिपका. कोणत्या गालावर?

आठवेना.

अंगावर काटा आला. एवढ्या उन्हात. मी आयुष्यभर ज्या एका ठिपक्याकडे पाहून काठ वाकडे केले, तो डावीकडे का उजवीकडे, हे मला सांगता येईना. बाई एकदा खाटेवरून गेली होती, आता भिंतीवरून दुसऱ्यांदा चालली होती. आणि यावेळी मी समोर बसून जाऊ देत होतो.

मी आत गेलो. सोफा ढकलला. सून धावत आली, "मामाजी, काय करून राहिले?" मी सोफा भिंतीपर्यंत नेला आणि जिथे खड्डा होता तिथे फरशीवर बसलो. खड्डा नाही तर पाय कुठे सोडणार, पुढे पसरले. मग दोन्ही हात उचलले, मागावर ठेवतात तसे. धोटा नाही, फणी नाही, नुसती हवा. पण हातांना ठाऊक असतं. दोन-चार वेळा हात चालवले, खट, खट, आणि चरख्याचा आवाज आला नाही म्हणून सवयीने मान उजवीकडे वळली.

तिथे ती होती. दाराकडे तोंड करून, माझ्याकडे डावा गाल. नाकाच्या शेंड्यावर घाम. डाव्या गालावर, कानाच्या पाळीपासून बोटभर पुढे, हिरवट-निळा ठिपका.

मी फरशीवर बसून रडलो. रडायची लाज वाटायचं माझं वय नाही.

संध्याकाळी विलास घरी आला तेव्हा सोनेरी चौकट मी काढून खाटेवर पालथी घातली होती. येत्या आठवड्यात वर्षश्राद्ध, नातेवाईक येणार. तो म्हणाला, "बाबा, हे काय?"

"ही बाई आपल्या घरची नाही. परत करून ये."

"माय चांगली दिसून राहिली त्यात. बिघडलं काय?"

"तुझ्या मायचं तोंड बिघडलं."

सुनेने समजुतीने सांगितलं, "मामाजी, लोक येतात. दुसरा फोटो म्हटला तं मौद्याच्या लग्नातला तेवढा मोठा आहे. त्यात आत्याबाईचा दात पडलेला आहे, तोंड उघडं आहे. तसा फोटो कोणी लावते का?"

"दात याच घरात पडला. तुमच्या पोरांसाठी ऊस सोलताना पडला. लाज कायची?"

विलास चिडला. म्हणाला, "तुम्हाले तिला म्हातारीच पाहायची आहे का?" तो स्वतःच्या मायवरच्या मायेने बोलत होता, हे मला कळत होतं. पोराला आपली माय तरुण राहिलेली हवी असते. पण मी तिचं पोर नव्हतो ना, मी तिचा नवरा होतो. मी म्हटलं, "हो. म्हातारीच पाहायची आहे. तरुण होती तेव्हा तं सगळेच पाहत होते. म्हातारी मी एकट्याने पाहिली."

तो आत गेला. थोड्या वेळाने प्रणाली बाहेर आली आणि मोबाइल माझ्यासमोर धरला. मौद्याची पंगत. गिरजा हसत होती. मी बोट लावलं तसं चित्र मोठं झालं, आणखी मोठं झालं. डावा गाल. तिथेच होता.

दुसऱ्या दिवशी प्रणाली मला सदरला घेऊन गेली. फोटोवाला चांगला माणूस होता. मशीनवर फोटो पाहून म्हणाला, "काका, थोडं साफ करून देतो. स्किन क्लीन येईल, दातही भरून देतो."

"ते काय भांडं होय का, साफ करायला?"

"नाही काका, सगळेच करतात."

"सगळ्यांच्या बायकांचं मी काय सांगू? हिच्या तोंडावरचं काही काढायचं नाही. दात नाही तं नाही. केस पांढरे तं पांढरे. हा ठिपका तं बिलकुल नाही."

त्याने मान हलवली आणि मशीन सुरू केली. मी तिथे स्टुलावर बसून होतो. समोर मोठा आरसा. आरशात एक टकलू म्हातारा, कानात केस, गाल आत गेलेले, मानेची कातडी लोंबलेली. मी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. वाईट नव्हता. वापरलेलं कापड जसं मऊ होतं तसा झाला होता. मी फोटोवाल्याला म्हटलं, "माझाही एक काढ. तेवढाच मोठा."

प्रणाली म्हणाली, "आबाजी, तुमचा काहून?"

"मी मेल्यावर तुझा बाप मला काळ्या मिशा लावन. मागे धबधबा सोडन. त्याआधी काढून ठेवतो."

ती तोंड दाबून हसली. फोटोवाल्याने दिवे लावले. "काका, तोंड बंद ठेवा थोडं, छान येईल."

"दात नाही म्हणून तोंड बंद? माझी बायको तिकडे तोंड उघडून हसते आणि मी तिच्या बाजूला मुका बसू?"

त्याने कॅमेरा उचलला. मी मौद्याच्या पंगतीची आठवण केली, आणि तो काळा रुमाल. फोटो निघाला.

वर्षश्राद्धाच्या दिवशी ऊन तसंच होतं. कूलर चालू होता, खसाचा वास होता. यावेळी मी उठून बाहेर गेलो नाही. भिंतीवर साधी लाकडी चौकट, आणि तिच्यात गिरजा, तोंड उघडं, डोळे मिटलेले, पांढरे केस कानावर. विलासने स्वतःच हार घातला. हार घालताना त्याने तो जरा बाजूला सरकवला, गाल झाकला जाऊ नये म्हणून. मी पाहिलं.

दुपारी सरस्वती आली. उन्हातून आल्यामुळे डोळे आतल्या अंधाराला लागायला वेळ गेला. हात जोडायला ती फोटोसमोर उभी राहिली आणि हात तसेच राहिले. मग ती सरळ फोटोशीच बोलली.

"काहून हासून राहिली वं, अशी सगळ्यांसमोर?"

"माझ्यावर हसून राहिली," मी मागून म्हटलं.

सरस्वतीने डोळे पुसले, नाक पुसलं. मग तिची नजर चौकटीच्या बाजूला गेली. तिथे, डाव्या गालाकडच्या बाजूला, मी दुसरा खिळा ठोकून ठेवला होता.

"हा खिळा कायचा, भाऊजी?"

"माझा. फोटो पेटीत तयार आहे."

तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. टक्कल, गाल, मान. म्हणाली, "तुमच्यात आता काय राह्यलं आहे जी फोटो काढासारखं?"

"जे गळायचं होतं ते मौद्याले गळलं," म्हटलं. "आता राह्यलं तो पक्का रंग आहे. घासून पाहा."